रेझिनच्या तराजूवर निओडिमियम

एप्रिल २०२५ मध्ये चीनने समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि ज्या शब्दाशी माझी ओळख चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली होती तो 'विरल मृत्तिका' (रेअर अर्थ्स) हा शब्द अचानक रोजच्या बातम्यांत आला. चाकणला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच सुमारास फोन करून विचारले, "मावशी, या मातीत एवढं काय आहे, की आमची लाईन बंद पडायची वेळ आली?" मी त्याला सांगितले की ही माती नाही आणि फारशी दुर्मिळही नाही. पाण्यात न विरघळणाऱ्या आणि भट्टीत न बदलणाऱ्या ऑक्साईडांना जुने रसायनशास्त्रज्ञ 'मृत्तिका' म्हणत, तेच नाव चिकटून राहिले. आणि सेरियम तर भूकवचात जवळजवळ तांब्याइतका आहे. दुर्मिळ असते ती एकेक धातू शेजाऱ्यापासून सोडवून शुद्ध स्वरूपात हाती येण्याची गोष्ट. फोनवर एवढेच सांगता आले. ही सोडवणूक अवघड का, आणि ती कशाच्या बळावर होते, याचा एक लहानसा कोपरा मोजण्यात माझी पीएच.डी.ची वर्षे गेली, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

विरल मृत्तिकांपैकी लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्ये पाण्यात बहुतेक वेळा तीन धनभारांचे आयन म्हणूनच वावरतात. एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो, पण तो आतल्या ४एफ कक्षेत जाऊन बसतो, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागत नाही. बाहेरून दिसतो तो एकच फरक: अणुकेंद्रावरचा भार वाढत जातो तसा आयन थोडाथोडा आक्रसतो. लँथॅनमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १.०३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), ल्युटेशियमची ०.८६. चौदा पायऱ्यांत मिळून एवढी घट, म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये सरासरी एका अँगस्ट्रॉमचा ऐंशीवा भाग. एवढ्याशा फरकावर त्यांना वेगळे करायचे. डिडिमियम हे एकच मूलद्रव्य आहे असे चार दशके मानले गेले आणि १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्यातून प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम अशी दोन काढली, ती याच साम्यामुळे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये चार्ल्स जेम्स यांनी १९११ च्या सुमारास शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी ब्रोमेटाचे सुमारे पंधरा हजार वेळा स्फटिकीकरण केले. आमचे मार्गदर्शक हा आकडा पहिल्याच दिवशी सांगत आणि वर पुस्ती जोडत, "तेव्हा तीन वेळा रीडिंग घ्यायला लावलं तर तोंड वाकडं करायचं नाही."

स्फटिकीकरणाची ही तपश्चर्या संपवली ती रेझिनने. कृत्रिम आयन-विनिमय रेझिन, म्हणजे अंगावरचे आयन सोडून द्रावणातले आयन धरणारे प्लास्टिकसारखे दाणे, १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी तयार केले. सल्फोनिक गट जोडलेले पॉलिस्टायरीनचे रेझिन त्यानंतर दहा वर्षांत आले, आणि आजही प्रयोगशाळेत 'कॅटायन रेझिन' म्हटले की तेच समोर येते. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमच्या विखंडनातून विरल मृत्तिकांचे समस्थानिक निघू लागले तेव्हा ते ओळखण्यासाठी अमेरिकेत ओक रिज येथे, आणि शुद्ध विरल मृत्तिका मोठ्या प्रमाणावर मिळवण्यासाठी आयोवातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या गटात, या रेझिनचे स्तंभ, म्हणजे दाण्यांनी भरलेल्या उभ्या नळ्या, उभे राहिले. निसर्गात जवळजवळ न सापडणारे ६१ क्रमांकाचे मूलद्रव्य, प्रोमेथियम, मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरिएल यांनी १९४५ मध्ये ओळखले ते अशाच स्तंभातून. युद्धकाळात दडवून ठेवलेले हे काम १९४७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एकामागून एक प्रबंधांच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. रेझिन विरल मृत्तिकांना वेगळे करते असे आपण सहज बोलून जातो, परंतु नुसत्या रेझिनला या पंधरा जणांत फारसा फरक कळत नाही. त्याच्या अंगावर ऋणभाराचे सल्फोनेट गट आहेत, समोर तीन धनभारांचा आयन आला की ते त्याला धरतात. लँथॅनमला ल्युटेशियमपेक्षा किंचित घट्ट, एवढेच. खरा भेद करते ते द्रावणात घातलेले लिगंड, म्हणजे धातूला वेढून त्याच्याशी जटिल संयुग बनवणारे सायट्रेट, लॅक्टेट किंवा ईडीटीए. आयन जितका लहान तितके लिगंड त्याला अधिक घट्ट पकडते. ईडीटीएबरोबरच्या संयुगाचा स्थिरता स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, लॉगमध्ये मांडला तर लँथॅनमसाठी सुमारे १५.५ आणि ल्युटेशियमसाठी सुमारे १९.८ येतो. हा ४.३ चा फरक चौदा पायऱ्यांत वाटला तर प्रत्येक पायरीला ०.३ येतात, आणि लॉगमध्ये ०.३ म्हणजे दुप्पट. शेजारी-शेजारी असलेल्या दोन धातूंमध्ये ईडीटीएच्या दृष्टीने सरासरी दुपटीचा फरक आहे! त्रिज्येतला एक-सव्वा टक्क्याचा फरक दुपटीपर्यंत ताणून दाखवणारे दुसरे साधन त्या काळी कोणाजवळ नव्हते. स्तंभात ल्युटेशियम आधी बाहेर पडतो आणि लँथॅनम शेवटी, कारण लिगंड जड आयनांना ओढते आणि रेझिन हलक्या आयनांना; दोघांची ओढ एकाच बाजूने फरक वाढवत जाते.

म्हणजे कोणत्या लिगंडाने किती चांगली वाटणी होईल हे आधीच सांगायचे असेल तर त्या लिगंडाचे प्रत्येक धातूबरोबरचे स्थिरता स्थिरांक माहीत हवेत. ते मोजण्याच्या अनेक रीती आहेत. काचेच्या इलेक्ट्रोडने पीएच मोजत जाण्याची यानिक ब्येरुम यांची रीत सर्वांत प्रचलित होती आणि आमच्या विभागातले बहुतेक जण तीच वापरत. मला दिली गेली ती रेझिनची रीत. जॅक शूबर्ट यांनी ती १९४८ च्या सुमारास मांडली, आणि तिच्यातली कल्पना मला आजही मोहवते. द्रावणात संयुग बनले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. पण रेझिन मोकळ्या धातूला धरते आणि लिगंडाने बांधलेल्याला सोडून देते. मग लिगंड वाढवत गेल्यावर रेझिनवरचा धातू किती घटतो ते मोजा, आणि त्या घटीवरून बंधनाची ताकद काढा. रेझिन येथे चाळणी नसून तराजू आहे, आणि एका पारड्यात काय आहे ते दुसऱ्या पारड्यावरून ओळखायचे आहे.

आकडेमोड अवघड नाही. एक ग्रॅम रेझिनवर असलेला धातू भागिले एक मिलिलिटर द्रावणात असलेला धातू, याला वितरण गुणांक म्हणतात. समजा, लिगंड नसताना तो १००० आहे. ५० मिलिलिटर द्रावणात ०.१ ग्रॅम रेझिन टाकले तर रेझिनवर आणि द्रावणात धातूचे प्रमाण दोनास एक पडते, म्हणजे दोनतृतीयांश धातू रेझिनवर जातो. आता द्रावणात ०.०१ मोलर मोकळे लॅक्टेट आहे असे धरा. एका लॅक्टेटच्या संयुगाचा स्थिरांक ३०० आणि दोन लॅक्टेटच्या संयुगाचा एकत्रित स्थिरांक २०,००० असेल, तर वितरण गुणांक १ अधिक ३ अधिक २, म्हणजे सहा पटींनी कमी होतो. तो १६७ वर येतो आणि रेझिनवर केवळ पाव हिस्सा धातू उरतो. लॅक्टेट ०.००२ मोलर असेल तर हाच भाजक १.६८ होतो. अशी आठ-दहा निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे घेतली, मूळ गुणांकाला नव्या गुणांकाने भागले, त्यातून एक वजा केला, उरलेल्याला लॅक्टेटच्या तीव्रतेने भागून आलेख काढला, की सरळ रेषा मिळते. उभ्या अक्षावर ती जिथे छेदते तो पहिला स्थिरांक आणि तिचा चढ म्हणजे दुसरा. कागदावर ही गोष्ट इतकी साधी होती की सहा महिन्यांत काम आटोपेल असे मला वाटले होते.

रेझिनची पहिली ओळख हातांना होते. कोरड्या रेझिनचे दाणे खसखशीहून बारीक, काकवीच्या रंगाचे, आणि पाण्यात टाकले की फुगणारे. फरशीवर सांडले तर पाय ठरत नाही. आमच्या प्रयोगशाळेतले मामा रेझिनची बाटली उघडलेली दिसली की आधी दारात ओले पोते टाकत. बाटलीतले रेझिन तसेच वापरता येत नाही. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग पाण्याने, मग मिठाच्या पाण्याने, पुन्हा आम्लाने, अशी त्याची पाळीपाळीने धुणी करावी लागतात, आणि सुरुवातीला निथळणारे आम्ल लोहामुळे पिवळसर दिसते. धुणे पुरे झाले की नाही ते सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पाहायचे: पाणी दुधाळ झाले तर क्लोराईड अजून बाकी आहे. माझे रेझिन आठ टक्के डायव्हिनाइल बेंझिनने बांधलेले, सोडियम स्वरूपात आणलेले. ते हवेत वाळवून घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवायचे, प्रत्येक वेळी त्याच बाटलीतून तोलायचे, आणि आर्द्रता मात्र वेगळा नमुना ११० अंशांवर तापवून काढायची. प्रयोगात वापरायचे रेझिन भट्टीत घालायचे नाही. ही शिस्त का, हे सरांनी एका वाक्यात सांगितले होते: "दाणा ज्या ओलाव्यात तोललास त्याच ओलाव्यात त्याचं वजन खरं."

धातूची बाजू दिसायला अधिक देखणी होती. निओडिमियमचे ऑक्साईड फिकट निळसर-करडे असते, परक्लोरिक आम्लात विरघळले की द्रावण जांभळट गुलाबी होते, आणि तीच बाटली ट्यूबलाईटखाली नेली की निळसर दिसू लागते. निओडिमियम ठरावीक अरुंद पट्ट्यांतलाच प्रकाश शोषतो आणि ट्यूबलाईटचा उजेडही तुकड्यातुकड्यांचा असतो, त्यातून हा खेळ होतो. आम्ल परक्लोरिकच का, तर परक्लोरेट धातूशी जवळजवळ संयुग बनवत नाही. तराजूचे पारडे आधीच कोणी दाबून ठेवलेले नसावे, एवढाच त्याचा अर्थ. गरम, तीव्र परक्लोरिक आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले तर स्फोट होतो, त्यामुळे ऑक्साईड विरघळवण्याचे काम सर स्वतः उभे राहून करवून घेत आणि त्या टेबलावर टिपकागदाचा कपटाही ठेवू देत नसत.

पहिली चूक माझ्याकडून येथेच झाली. निओडिमियमबरोबर तुलनेसाठी लँथॅनमचे द्रावण करायचे होते. पांढरे शुभ्र लँथॅनम ऑक्साईड मी बाटलीतून थेट तोलले, विरघळवले आणि तीव्रता गणिताने लिहून मोकळी झाले. ईडीटीएने अनुमापन (टायट्रेशन) केले तर धातू अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला. जायलेनॉल ऑरेंज या दर्शकाचा जांभळट लाल रंग लिंबासारखा पिवळा होतो तो क्षण मी चुकीचा ओळखते आहे असे समजून मी चार वेळा अनुमापन केले, आणि चारही वेळा तेच उत्तर आले. दोष डोळ्यांचा नव्हता. लँथॅनम ऑक्साईड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साईड असे काही ओढून घेते की कळीचा चुनाच आठवावा. १०० ग्रॅम ऑक्साईड पूर्णपणे हायड्रॉक्साईड झाले तर त्याचे ११६ ग्रॅमांहून अधिक भरतात. ते आधी मफल भट्टीत ९०० अंशांवर तापवायचे, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करायचे आणि लगेच तोलायचे असते. ऑक्साईड दिसायला तसेच्या तसे पांढरे, त्यामुळे शंका येत नाही.

लॅक्टिक आम्लानेही असाच हिसका दिला. बाजारात मिळणारे तीव्र लॅक्टिक आम्ल म्हणजे निव्वळ लॅक्टिक आम्ल नव्हे. बाटलीत राहून त्याचे रेणू एकमेकांना एस्टर बंधाने जोडले जातात, आणि तसे जोडलेले आम्ल सरळ अनुमापनात कमी भरते. ते पातळ करून अल्कलीबरोबर उकळावे लागते, तेव्हा जोड्या सुटतात आणि खरी तीव्रता कळते. ताकाला आंबटपणा देणारे हे आम्ल, पण बाटलीतल्या त्याच्या वागण्याचा ताकाशी काही संबंध नाही असे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते.

प्रत्यक्ष प्रयोग असा चाले. बुचाच्या शंकुपात्रांत ५० मिलिलिटर द्रावण, त्यात निओडिमियम दहा-हजारांश मोलर, म्हणजे रेझिनच्या क्षमतेच्या तीन टक्क्यांच्या आसपासच व्यापणारा. कारण रेझिनवर धातूची गर्दी झाली की वितरण गुणांक स्थिर राहत नाही. ०.१ ग्रॅम रेझिन टाकून पात्रे ३० अंशांच्या पाण्यात रात्रभर हलत ठेवायची. सकाळी वरचे द्रावण काढून दहापट पातळ करायचे, त्यात आर्सेनाझो-३ घालायचे. या रंजकाचा गुलाबी रंग विरल मृत्तिकेच्या स्पर्शाने हिरवट निळा होतो आणि ६५० नॅनोमीटरच्या जवळपास त्याचे शोषण मोजता येते. प्रमाण आलेखासाठीच्या द्रावणांतही तेवढेच लॅक्टेट घालायचे, नाहीतर रंजक आणि लॅक्टेट यांच्यातली धातूसाठीची ओढाताण आकड्यांत शिरते.

आणि इतके सारे सांभाळून आलेल्या माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या रीडिंगा टाकून द्याव्या लागल्या.

त्याचे कारण तपशिलात सांगण्यासारखे आहे, कारण ही रीत वापरणाऱ्याने ज्या खड्ड्यात हमखास पडावे तो हाच. पीएच साडेचारच्या आसपास स्थिर ठेवायचा होता. जिथे लॅक्टेट आहे तिथे तेच पीएच सांभाळते, पण लिगंड नसलेल्या मूळ द्रावणात पीएच इकडेतिकडे सरकत होता. मी सर्व पात्रांत सारखेच ०.०५ मोलर अ‍ॅसिटेट बफर घातले. पीएच मीटरचा काटा हलेना, मी खूश. सरळ रेषाही सुंदर आली. पहिल्या स्थिरांकाचा लॉग मात्र अडीचच्या जवळपास यायला हवा तो पावणेदोनच्या आसपास येत होता, आणि प्रयोग पुन्हा केला तरी तिथेच. सरांना आलेख दाखवला. त्यांनी रेषेकडे पाहिलेही नाही. माझी द्रावणांची यादी वाचली आणि विचारले, "तुझं मोकळं निओडिमियम कुठल्या पात्रात आहे?" मी लॅक्टेट नसलेल्या पात्राकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "तिथे अ‍ॅसिटेट आहे ना?"

अ‍ॅसिटेट हेही लिगंडच आहे. निओडिमियमबरोबरच्या त्याच्या पहिल्या स्थिरांकाचा लॉग दोनच्या आसपास असतो, आणि माझ्या बफरमधले मोकळे अ‍ॅसिटेट बहुतांश धातूला आधीच बांधून बसले होते. ज्याला मी शून्य मानून सगळी तुलना करत होते ते शून्य नव्हतेच. तराजूच्या एका पारड्याखाली मीच दगड ठेवला होता, आणि तो सगळ्या पात्रांत सारखा असल्यामुळे रेषा सरळच राहत होती. रेषा सरळ आली म्हणजे रसायन बरोबर असते, हा माझा समज त्या दुपारी गेला. नंतर बफर पूर्ण काढून टाकले. रेझिन आधी त्याच पीएचच्या माध्यमात मुरवून घेतले आणि प्रत्येक पात्राचा पीएच पातळ सोडियम हायड्रॉक्साईडच्या थेंबांनी वेगवेगळा जुळवला. कंटाळवाणे काम, पण दुसरा इलाज नव्हता.

यातून दुसरा प्रश्न उभा राहिला तो सोडियमचा. रेझिनवर एक निओडिमियम चढतो तेव्हा तीन सोडियम उतरतात, म्हणून वितरण गुणांक सोडियमच्या तीव्रतेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सोडियम दोन टक्क्यांनी वाढला तर गुणांक सहा टक्क्यांनी घसरतो, आणि ही घसरण लिगंडामुळे झाली असे आपण समजून बसतो. लॅक्टेट आपण सोडियम लॅक्टेट म्हणून घालतो, तेव्हा लॅक्टेटबरोबर सोडियमही वाढतो. तेवढे सोडियम परक्लोरेट कमी करून एकूण सोडियम प्रत्येक पात्रात अगदी ०.५ मोलर ठेवावा लागतो. पुस्तकात 'आयनिक तीव्रता स्थिर ठेवावी' एवढे एक वाक्य असते. त्या वाक्यामागचा घन मला पिपेट धरून शिकावा लागला.

इतके करूनही रेषेचे टोक वाकत होते, आणि या वेळी दोष माझा नव्हता, रीतीचा होता. बांधलेल्या धातूला रेझिन सोडून देते, हे शूबर्ट यांच्या रीतीतले गृहीतक ऋणभाराच्या किंवा भाररहित संयुगांना नीट लागू पडते. तीन धनभारांच्या निओडिमियमला एक लॅक्टेट चिकटले तरी दोन धनभार उरतात, आणि असा आयन रेझिनवर चढतोच. मोकळ्या निओडिमियमपेक्षा कितीतरी कमी, पण चढतो. स्वीडनमधील स्टूरे फ्रोनेयस यांनी या चढलेल्या संयुगाचाही हिशेब धरणारी समीकरणे दिली आहेत. त्यांत एक जादा स्थिरांक येतो आणि आलेखावर पट्टी ठेवून भागत नाही. मला ती कॅल्क्युलेटरवर क्रमाक्रमाने सोडवावी लागली, एका धातूला सरासरी दोन दिवस. आज संगणकावर हे क्षणात होते, आणि त्यामुळे गृहीतकाकडे लक्षच जात नाही, अशी माझी तक्रार आहे. अर्थात दोन दिवस घालवणाऱ्याला अशी तक्रार करण्याचा मोह होतोच.

लिगंड बदलले की मालिकेची चालही बदलते, हे मला या सगळ्या कामातले सर्वांत रंजक अंग वाटते. ईडीटीएचे स्थिरांक लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत वाढत जातात, मात्र युरोपियम ते गॅडोलिनियम ही पायरी जवळजवळ सपाट आहे. तिला 'गॅडोलिनियमचा खंड' म्हणतात. साध्या अ‍ॅसिटेटचे स्थिरांक समॅरियम-युरोपियमपर्यंत वाढतात आणि पुढे खाली येतात. त्रिज्या तर एकसारखी घटत असते, मग लिगंडाची पकड मध्येच सैल का व्हावी? आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते, हलक्या आयनांभोवती नऊ रेणूंचे, जड आयनांभोवती आठांचे, आणि हा बदल मालिकेच्या मध्यावर घडतो. संयुग बनताना त्यांपैकी काही पाणी हुसकावून लावावे लागते. म्हणजे आपण मोजतो ती नुसती धातू-लिगंडाची ओढ नसते, पाण्याने सोडलेल्या हक्काची किंमतही तीत मिसळलेली असते. म्हणूनच अ‍ॅसिटेटने जड विरल मृत्तिका वेगळ्या करायला जाऊ नये.

स्थिरांक हाती आले की स्तंभ कसा चालेल हे बसल्या जागी सांगता येते, आणि याची दोन उदाहरणे मी वर्गात नेहमी देत असे. स्पेडिंग यांनी ईडीटीए वापरायला घेतले तेव्हा स्तंभाचा खालचा भाग आम्ल स्वरूपात ठेवता येईना, कारण आम्लात ईडीटीए पाण्यात न विरघळता दाण्यांच्या मध्येच साका होऊन बसते. त्यांनी खालच्या थरात तांब्याचे आयन भरले. तांब्याचा ईडीटीएबरोबरचा लॉग सुमारे १८.८ आहे, बहुतेक विरल मृत्तिकांपेक्षा वरचढ. विरल मृत्तिका घेऊन खाली उतरलेले ईडीटीए तांब्याच्या निळ्या थराशी आले की तांब्याला उचलते आणि विरल मृत्तिका पुन्हा रेझिनवर टाकते. असे पट्ट्यांचे उतरणे आणि पुन्हा चढणे हजारो वेळा घडते. चार्ल्स जेम्स यांची पंधरा हजार स्फटिकीकरणे एका नळीत, माणसाचा हात न लागता. दुसरे उदाहरण अमेरिकेतील बर्कलीचे. १९५५ मध्ये तेथे १०१ क्रमांकाचे मूलद्रव्य, मेंडेलेव्हियम, पहिल्यांदा बनवले तेव्हा सगळे मिळून १७ अणू सापडले. ते ओळखले कसे, तर रेझिनच्या बारीक स्तंभातून अल्फा-हायड्रॉक्सी-आयसोब्युटिरेटने उतरवताना कोणत्या थेंबाबरोबर ते बाहेर आले यावरून. आवर्तसारणीतील वरच्या ओळीतील थुलियमच्या जागेवरून खालच्या ओळीतील नव्या मूलद्रव्याची जागा आधीच ठरवता आली होती. उतरवण्यासाठी वापरलेले ते आम्ल लॅक्टिक आम्लाचेच मोठे भावंड, एक मिथिल गट अधिक असलेले. त्यामुळे माझ्या लॅक्टेटकडे पाहण्याची माझी दृष्टी जराशी गर्विष्ठ झाली होती, हे कबूल करते.

भाच्याच्या प्रश्नाचा धागा येथे पुन्हा येतो. आज कारखान्यांत विरल मृत्तिका रेझिनवर वेगळ्या करत नाहीत. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्लांनी द्रावक-निष्कर्षण करतात, म्हणजे धातू पाण्यातून पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात ओढून घेतात, टाक्यांच्या लांबच लांब रांगा लावून, आणि रेझिन उरले आहे ते थोड्या प्रमाणात अतिशुद्ध माल हवा असेल तिथे आणि विश्लेषणासाठी. पण टाक्यांच्या रांगेतही प्रत्येक पायरीला काम करतो तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला तोच थोडासा फरक, आणि तो अनेक पायऱ्यांवर गुणत न्यावा लागतो. म्हणून नवा कारखाना सहा महिन्यांत उभा राहत नाही. आपल्याकडे मोनाझाईट या विरल मृत्तिकांच्या खनिजाची वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सापडली आणि इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन होऊन केरळमधील आलुवा येथे १९५२ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. मोनाझाईटमध्ये थोरियम असते, त्यामुळे ही वाळू आपल्याकडे अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात राहिली. विरल मृत्तिकांचे रसायन शिकलेल्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जायचे स्वप्न पाहिले, ते या कारणाने. मी शिक्षकी पेशात गेले.

आमच्या काळात निओडिमियम ऑक्साईड महाग होते आणि मागवले की महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. त्यामुळे सरांचा नियम असा की वापरलेले एकही द्रावण मोरीत ओतायचे नाही. प्रत्येक शंकुपात्रातले उरलेले द्रावण आणि रेझिनवरून आम्लाने उतरवलेला धातू एका मोठ्या काचेच्या बरणीत जमत जाई. प्रबंध टंकलेखनाला गेला त्या आठवड्यात मी ती बरणी गरम केली आणि तीत ऑक्झॅलिक आम्ल ओतले. फिकट गुलाबी ऑक्झॅलेट तळाशी बसले. गाळून, धुऊन ते मफल भट्टीत ९०० अंशांवर तापवले आणि दुसऱ्या दिवशी निळसर-करडी पूड बाहेर काढली. तोलली तेव्हा चार वर्षांपूर्वी मिळालेल्या ऑक्साईडपेक्षा थोडीशीच कमी भरली. माझ्यामागून आलेल्या विद्यार्थिनीला ती बाटली दिली, तेव्हा तिच्यावर चिठ्ठी चिकटवून मी लिहिले: 'तापवल्याशिवाय तोलू नये. बफर वापरू नये.' मामांनी चिठ्ठी वाचली, ड्रॉवरमधून मेणबत्ती काढली, आणि शाई पसरू नये म्हणून तिच्यावरून मेणाचा हात फिरवला.